विटाळ, खार आणि खाज : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात स्त्रीदेहस्वच्छतेचा शब्देतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचा उल्लेख भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांतून वारंवार येतो. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी मात्र त्या सरोवराकडे देवळांपुरतेच पाहिले आहे. वस्तुतः या सरोवराचे एक निराळे ऐतिहासिक महत्त्व अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ई-अकबरी’त नोंदवून ठेवलेले आहे. वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना तो सांगतो की, या डोंगरांत काच आणि साबण तयार करण्यास लागणारे सर्व द्रव्य सापडते व त्यापासून सरकारास उत्पन्नही होते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातील पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर साचणाऱ्या क्षारांचे डल्ला, निमकडल्ला, खुप्पल, पापडी आणि भुसकी असे प्रकार स्थानिक लोक ओळखीत. पाच नावे पडावीत इतका बारकाईचा हा परिचय होता. ‘खार’ हा या प्रदेशातील धुण्याचा, रंगविण्याचा आणि औषधाचा पदार्थ. मळ काढण्याची शक्ती म्हणजे खार, अशी लोकांची समजूत होती व ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुकीची नव्हती.

प्रस्तुत निबंधाचा विषय या खारापासून दूरचा वाटेल. स्त्रियांच्या मासिक पाळीतील वस्त्रे, अंगशुद्धीची साधने आणि त्यांच्यामुळे किंवा त्यांच्या अभावी जननेंद्रियास होणारा दाह व कंड यांचा इतिहास, हा तो विषय होय. परंतु स्वच्छता म्हणजे खारट, झोंबणारे, मळ खाऊन टाकणारे काहीतरी, ही कल्पना आणि स्त्रीच्या योनीची नैसर्गिक आम्लता यांच्यातील विरोध हाच या इतिहासाचा कणा आहे. सरोवराच्या पाण्याचा सामू १०, साबणाचा ९ ते १०. आणि निरोगी प्रौढ स्त्रीच्या योनिस्रावाचा ३.८ ते ४.५. ही शेवटची गोष्ट ज्या सूक्ष्म जंतूंमुळे घडते, त्यांचे वर्णन जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट ड्योडरलाइन याने १८९२ मध्ये केले. तत्पूर्वी या जंतूंचे हे कार्य वैद्यकास ठाऊक नव्हते. देहाच्या या भागाला स्वतःची आम्लता राखून स्वतःचे रक्षण करता येते, ही जाणीव अवघी सव्वाशे वर्षांची आहे. आणि शब्दांचा इतिहास त्याहून कितीतरी जुना आहे.

प्रथम ‘विटाळ’ या शब्दाचा विचार करणे प्राप्त आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या अपभ्रंश प्रकरणात ‘विट्टाल’ हा देशी शब्द नोंदविला असून त्याचा अर्थ अस्पृश्याचा संसर्ग असा दिला आहे. म्हणजे मराठीत रजस्वलेच्या स्थितीला जो शब्द रूढ झाला, तो मुळात देहव्यापाराचा वाचक नसून सामाजिक स्पर्शाचा वाचक आहे. संस्कृतातील ‘रजस्वला’, ‘ऋतुमती’, ‘पुष्पवती’ हे शब्द स्रावाकडे अथवा काळाकडे निर्देश करतात. मराठीतील ‘विटाळशी’ हा शब्द इतरांनी तिला शिवू नये एवढेच सांगतो. ‘बाहेर बसणे’, ‘दूर होणे’, ‘अस्पर्श’, ‘अडचण’ हे सर्व प्रयोग याच वर्गातले. त्यांतला एकही शब्द त्या स्त्रीला काय होते हे सांगत नाही. तिने कोठे असावे आणि इतरांनी काय टाळावे, एवढेच त्यांतून कळते. ‘पाळी’ हा तुलनेने निरुपद्रवी शब्द. क्रम किंवा वेळ एवढाच त्याचा अर्थ असल्याने शिक्षित समाजाने तो स्वीकारला.

‘कावळा शिवणे’ या वाक्प्रचाराकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. घरातील लहान मुलांना आई दूर का बसली आहे हे सांगण्यासाठी तो वापरीत, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु हाच वाक्प्रचार दहाव्याच्या विधीतही येतो. पिंडाला कावळा शिवला म्हणजे मृताची इच्छा पुरी झाली असे मानतात. एकाच क्रियापदाने जोडलेले हे दोन प्रसंग दोन भिन्न प्रकारची अशौचे आहेत. सूतक आणि विटाळ यांची जी सांगड धर्मशास्त्राने घातली, तिचा हा बोलीभाषेतील ठसा मानण्यास हरकत नाही. कावळ्याच्या रूपाने कारण बाहेर ढकलले गेले. देहाबद्दल बोलण्याची गरज उरली नाही.

या कल्पनेला विरोध झालाच नाही असे नाही, आणि तो बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीशी निगडित आहे ही गोष्ट उल्लेखनीय होय. चक्रधरस्वामींच्या भ्रमणात मेहकर आणि लोणार ही दोन्ही स्थाने येतात. लोणार येथील वास्तव्याची हकीकत म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’त आहे. स्त्रीचा ऋतुस्राव हा नाकातील व कानातील मळाप्रमाणेच शरीराच्या एका द्वारातून होणारा स्राव असून त्याचा विटाळ मानू नये, असे त्यांचे मत महानुभाव परंपरेने जतन केले आहे. तेराव्या शतकात हे मत किती धाडसी होते हे वेगळे सांगावयास नको. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणाराजा हे परंपरेने चोखामेळ्याचे जन्मगाव मानले जाते. त्याची पत्नी सोयराबाई हिच्या नावावरील अभंगात विटाळ देहातच उत्पन्न होतो, मग विटाळावाचून असलेला देह कोणता, असा प्रश्न उपस्थित केलेला आहे. जातीचा विटाळ आणि स्त्रीचा विटाळ हा एकच शब्द आहे, हे हेमचंद्राने कोशकाराच्या अलिप्ततेने नोंदविले. सोयराबाईने ते दोन्ही बाजूंनी भोगले होते.

परंतु या दोन्ही वाणींनी विटाळाचे तत्त्व नाकारले तरी व्यवहारातील वस्त्राचा प्रश्न तसाच राहिला. वऱ्हाड हा कापसाचा प्रदेश. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला तो मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठी. खामगावची पेठ त्या काळी हिंदुस्थानातील मोठ्या कापूसबाजारांत गणली जात होती. ज्या शेतांतील कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जात होता, त्याच शेतांत वेचणी करणाऱ्या स्त्रिया पाळीच्या दिवसांत जुन्या लुगड्याचा धडपा वापरीत. लुगडे प्रथम नेसावयाचे, विरले की मधून फाडून दांड घालावयाचा, तेही विरले की त्याची फडकी व्हावयाची, आणि त्यातील मऊ भाग ‘घडी’ म्हणून शेवटी उपयोगात यावयाचा. शेतातला कापूस सरळ का वापरीत नसत, याचे कारण रसायनात आहे. सरकी काढलेल्या कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो व तो पाणी सहजी शोषून घेत नाही. खारात उकळून तो थर काढला म्हणजेच शोषक कापूस तयार होतो. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्याच्या कापडातील मेण व खळ आधीच निघून गेलेली असते. जुने कापड मऊ व शोषक असते हे स्त्रियांना अनुभवाने कळलेले होते.

दोष कापडात नव्हता. तो लपविण्यात होता. घडी उन्हात वाळत घालावयाची नाही, ती दुसऱ्या वस्त्राखाली, छपराच्या वळचणीला, गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळावी, असा दंडक होता. जंतुनाशाचे स्वस्तातले स्वस्त साधन म्हणजे ऊन, आणि ते विदर्भात उदंड असताना नेमके तेच निषिद्ध ठरले. दुसरी गोष्ट धुण्याची. राख, साजीखार, पुढे सोडा आणि साबण यांनी धुतलेले कापड थोड्या पाण्यात खळबळले तर खाराचा अंश धाग्यांत राहतो, ओलाव्याने पुन्हा जागा होतो आणि नाजुक त्वचेची आग करतो. पाण्याच्या टंचाईच्या गावी ही गोष्ट अटळच होती. वऱ्हाडात परटाला ‘वरठी’ असेही म्हणतात. बाळंतिणीची व विटाळशीची वस्त्रे हाताळण्यामुळे त्या जातीस समाजात हलके स्थान मिळाले. परंतु घडी त्याच्याकडेही जात नसे. ती बाईनेच धुवावयाची, आणि तीही कोणी नसताना.

आयुर्वेदाने या विकारांची दखल फार पूर्वी घेतली आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदे वर्णिली असून त्यांत ‘अचरणा’ नावाची एक आहे. धुतले न गेल्यामुळे योनीत जंतू होतात व ते कंड उत्पन्न करतात, असे तिचे निदान दिले आहे. निदानात जंतूंचा उल्लेख येणे हे निश्चितच लक्षणीय आहे, आणि उपचारांत काढ्यांनी प्रक्षालन व तेलात भिजविलेला पिचू हे सांगितले आहेत. परंतु त्याच श्लोकात पुढे असेही म्हटले आहे की, त्या कंडूमुळे स्त्री पुरुषाची अति अभिलाषा करू लागते. हा उत्तरार्ध आयुर्वेदाच्या गौरवपर विवेचनांतून बहुधा गाळला जातो. तसे करणे योग्य नाही. कारण रोगलक्षणाला चारित्र्याचा अर्थ चिकटविण्याची जी प्रवृत्ती मराठी भाषेत आजही आढळते, तिचा हा प्राचीन नमुना होय.

मराठीत ‘खाज’ आणि ‘कंड’ हे दोन्ही शब्द त्वचेच्या विकाराचे वाचक आहेत, आणि दोन्ही शब्द कामवासनेच्या निंदाव्यंजक अर्थानेही रूढ आहेत. ‘कंड जिरविणे’ हा प्रयोग स्त्रीविषयी केला असता त्याचा अर्थ वैद्यकीय राहत नाही. परिणामी, ज्या स्त्रीला खरोखरच कंड सुटते तिला ती आपल्या सासूपुढे, नवऱ्यापुढे किंवा डॉक्टरपुढे त्या शब्दाने सांगता येत नाही. ती ‘आग होते’ म्हणते, ‘त्रास आहे’ म्हणते, किंवा ‘अंगावरून जाते’ म्हणते. या शेवटच्या प्रयोगात ‘अंग’ हा संपूर्ण देहाचा वाचक शब्द एका इंद्रियासाठी आला आहे. ‘अंग बाहेर येणे’ यात गर्भाशय खाली उतरण्याची व्याधी अभिप्रेत असते, ‘मायांग’ या शब्दात अंगाला मातृत्वाची जोड दिली आहे, आणि गर्भाशय तर ‘पिशवी’ झाला आहे. श्वेतप्रदराला ‘धुपणी’ असा खास मराठी शब्द होता. तो आता वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यातच सापडतो, व त्याच्या जागी ‘पांढरे पाणी’ आले आहे. पुस्तकी परिभाषेत ‘योनिशोथ’, ‘योनिदाह’ असे निर्दोष शब्द आहेत. परंतु कोणतीही स्त्री ते उच्चारीत नाही. बोलण्याजोग्या शब्दाला लाज चिकटलेली आणि निर्लेप शब्द बोलण्यात नसलेला, अशा पेचात रोग मुका राहतो.

हा मुकेपणा किती मोठा होता याचा पुरावा विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाकडून मिळाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, सरासरीने दर स्त्रीमागे ३.६, त्यांपैकी निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. पूर्वी कधीही स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण केवळ ८ टक्के होते. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के भरल्या. म्हणजे पुष्कळ स्त्रियांना रोग असूनही तो रोग वाटत नव्हता, अथवा सांगण्याजोगा वाटत नव्हता. गडचिरोली आणि बुलढाणा यांची भूमी, पिके व बोली वेगळी आहे, म्हणून त्या आकड्यांचे जसेच्या तसे आरोपण येथे करता येणार नाही. परंतु भाषिक कोंडी दोन्हीकडे एकच आहे.

लिहिण्याची वाट बुलढाण्यातून फार पूर्वीच निघाली होती. जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यी राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्यास छापला गेला. त्याच्या ५०० प्रती निघाल्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटला हे त्याचे निमित्त. ज्या दोषांचे खापर स्त्रीवर फोडले जाते ते पुरुषांतही असतात, हा त्यातील युक्तिवाद शरीरधर्मालाही लागू पडण्यासारखा होता. पण तो तिकडे कोणी नेला नाही, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुनर्मुद्रण करीपर्यंत निबंधच विस्मृतीत गेला. देहाविषयी मराठीत उघडपणे लिहिण्याचे काम र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्या’ने १९२७ ते १९५३ या काळात केले व त्यासाठी खटलेही सोसले.

पाश्चात्य देशांत या काळात काय चालले होते ते थोडक्यात पाहणे पुरेसे आहे. १८९६ मध्ये अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सनने लिस्टरच्या नावाने टाकाऊ पट्ट्या विकण्याचा प्रयत्न केला. महायुद्धात जखमांसाठी तयार झालेल्या लाकडाच्या लगद्याच्या शोषक द्रव्यापासून ‘कोटेक्स’ १९२० मध्ये बाजारात आले. त्याच सुमारास तेथील मासिकांत ‘फेमिनिन हायजीन’ या शब्दप्रयोगाची चलती झाली. संततिनियमनाच्या साधनांची उघड जाहिरात करण्यास कायद्याची आडकाठी होती, म्हणून जंतुनाशक द्रवांनी योनी धुण्याची जाहिरात स्वच्छतेच्या नावाखाली होऊ लागली. ‘लायसॉल’ हे फरशी व उपकरणे धुण्याचे द्रव्य या कामासाठी विकले गेले. गर्भधारणा टळत नसे. दाह, फोड आणि भाजणे मात्र घडे. तात्पर्य, ज्याचे भाषांतर आज आपण ‘स्त्रीस्वच्छता’ असे करतो तो शब्द मुळात एक आडपडदा होता. विटाळशीला दूर ठेवणारा शब्द आणि हा शब्द यांत अंतर आहे, पण ते वाटते तितके मोठे नाही. दोहोंचे गृहीतक स्त्रीचा देह मुळात अस्वच्छ आहे हेच.

आता विज्ञानाची बाजू. योनीच्या आतील भाग धुण्याची गरज नसते, आणि वारंवार धुतल्याने आम्लता राखणारे दुग्धाम्ल-जंतू कमी होऊन उलट संसर्गास वाव मिळतो, हे आज प्रस्थापित ज्ञान आहे. बाहेरील त्वचेच्या दाहाची कारणे दोन वर्गांत मोडतात. घर्षण, घाम, ओलावा, साबणाचा अंश आणि प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली कोंडलेली उष्णता यांनी होणारा क्षोभ हा कोणाच्याही त्वचेस होऊ शकतो. सुगंधी द्रव्ये, चिकटविण्याचे डिंक व परिरक्षक द्रव्ये यांच्यामुळे होणारी प्रतिक्रिया मात्र ज्या शरीरास त्या द्रव्याचे वावडे जडले आहे त्यालाच होते. ओल्या पुसण्यांत वापरले जाणारे मेथिलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक इतक्या लोकांना बाधले की, अमेरिकेतील संपर्कत्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्यास त्या वर्षीचे प्रमुख वावड्याचे द्रव्य ठरविले. ‘वावडे’ हा साधा मराठी शब्द येथे नेमका लागू पडतो. ‘खाज’प्रमाणे त्याला लाज चिकटलेली नाही, वांग्याचे वावडे आहे असे कोणीही चारचौघांत सांगतो.

दाहाची तिसरी शक्यता म्हणजे बुरशी, जंतू किंवा ट्रायकोमोनास यांचा संसर्ग. आणि बाईने केलेल्या वर्णनावरून या तिन्हींचा वावड्याशी घोटाळा होणे अगदी सोपे आहे. परिणाम असा होतो की, खाज सुटली म्हणजे आपण पुरेशा स्वच्छ नाही असे समजून ती अधिक साबण लावते, औषधांच्या दुकानातून स्टेरॉईडमिश्रित मलम आणते, काही दिवस बरे वाटते व व्याधी दुणावते. याच वाटेचा शेवटचा टप्पा ‘पिशवी काढणे’ हा असू शकतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांविषयी राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे २०१९ मध्ये जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाणे ही त्या प्रदेशात शस्त्रक्रियेपर्यंत नेणाऱ्या तक्रारींपैकी एक होती.

घडी की तयार पट्टी, हा वाद अलीकडे आकड्यांनी मिटविण्याची पद्धत पडली आहे. महाराष्ट्र शासनाच्या ग्रामविकास विभागाने ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना सुरू करून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना ५ रुपयांत ८ पट्ट्या देण्याचे ठरविले. त्याच वर्षीच्या जुलैत या वस्तूवरील १२ टक्के वस्तू व सेवाकर उठला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांत ‘आरोग्यदायी साधन’ वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७७.३ टक्के झाले. ही वाढ खरी आहे व स्वागतार्हही. ओदिशातील ४८६ स्त्रियांच्या २०१५ मधील अभ्यासात, पुन्हा वापरावयाचे कापड घेणाऱ्या स्त्रियांत जननमूत्रमार्गाच्या विकारांची लक्षणे अधिक आढळली होती. तथापि या पाहणीची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तयार पट्टी, गावात बनविलेली पट्टी, टॅम्पॉन आणि दुसऱ्या पाहणीपासून मासिक पाळीचा पेला, एवढीच साधने तिच्यात ‘आरोग्यदायी’ गणली आहेत. कापड, ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळविलेले असले तरी, त्या वर्गात येत नाही. आणि त्याच २०१९-२१ च्या पाहणीत ५० टक्के तरुणी कापडही वापरीत असल्याचे नोंदले आहे. अपराध अंधारात वाळविण्याच्या दंडकाचा होता. शिक्षा कापडाला झाली.

उलटपक्षी, पट्टी ‘आरोग्यदायी’ ठरल्यामुळे तिने होणारी आग सांगण्यासही जागा राहिली नाही. भारतीय मानक ५४०५ मध्ये पट्टीच्या शोषकतेबरोबर तिचा सामू ६ ते ८.५ असावा अशी अट घातलेली आहे, म्हणजे खाराचा प्रश्न मानककारांनी विचारात घेतला होता. २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेने बाजारातील १० पट्ट्या तपासल्या, तेव्हा त्यांत थॅलेट वर्गातील द्रव्ये व बाष्पनशील सेंद्रिय द्रव्ये आढळली. वेष्टणावर ‘फुलांचा सुगंध’ ठळक अक्षरांत असतो. तो सुगंध कशाचा आहे हे लिहिलेले नसते. लोणारच्या काठावरच्या माणसांनी खाराच्या पाच जाती पाच नावांनी वेगळ्या ओळखल्या होत्या. पट्टीतल्या द्रव्याने जिची आग होते त्या स्त्रीला, ती कोणत्या द्रव्याने होते हे विचारण्यासाठी, त्यातले एकही नाव दिलेले नाही.